वाट विचारा : गाडी रतनवाडीत, माणसं खिरेश्वरात

प्रश्न : आम्ही दोन जोडपी, सगळे पन्नाशीच्या आसपासचे. डिसेंबरात रतनगड – कात्राबाईची खिंड – हरिश्चंद्रगड असा ट्रेक करायचा आहे. शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री घरी यायचा बेत आहे. आमची गाडी रतनवाडीत ठेवावी का? मुक्कामासाठी तंबू न्यावे लागतील का?
– एक वाचक, कळवा (ठाणे)

उत्तर : गाडी कळव्यातच राहू द्या. मी एकदा हात पोळून घेतलाय. आम्ही तिघी नौपाड्याहून गाडी घेऊन गेलो, रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळाजवळ एका अंगणात ती लावली आणि चौथ्या दिवशी उतरलो खिरेश्वरला. गाडी डोंगराच्या पार पलीकडे! मग खुबी फाट्यावरून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी अशा एसट्या बदलत सबंध दिवस गेला. शेंडीला पोहोचलो तर अंधार पडलेला. शेवटी दुधाच्या टेम्पोत कॅन धरून बसलो. तीन दिवस चालून दुखली नव्हती एवढी कंबर त्या एका दिवसात दुखली.

आपल्या ठाणेकरांना गाडी लागतच नाही. सुरुवातीला कसारा लोकल आहे, शेवटाला कल्याणची एसटी. ठाण्याहून रात्रीची उशिराची कसारा लोकल पकडा आणि कसाऱ्याहून जीप आधीच फोनवर ठरवून ठेवा. ठरवताना 'रतनवाडीपर्यंत' हे दोनदा म्हणा. भंडारदऱ्यापर्यंत म्हणालात, तर घोटीमार्गे शेंडीला आणून सोडतात आणि पुढच्या रस्त्याचे पैसे वेगळे, असा वाद पहाटे थंडीत घालावा लागतो. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर माणशी प्रवेशशुल्क भरावं लागतं. सुटे पैसे वरच ठेवा.

बेत मात्र बदला. दोन दिवसांत हे उरकणारे उरकतात, पण पन्नाशीच्या गुडघ्यांना का शिक्षा? गुरुवारी रात्री निघा. शुक्रवारी सामान रतनवाडीत ठेवून रिकाम्या पाठीने रतनगड करा, शिड्यांवर पाठीला ओझं नसलं की फार बरं वाटतं. रात्री रतनवाडीतच राहा. शनिवारी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत. रविवारी पेठेची वाडी, पाचनई करत दुपारनंतर हरिश्चंद्रगडावर. शनिवारी रात्री गडावर जत्रा असते, रविवारी दुपारी ती उतरायला लागते आणि आपण वर चढत असतो. कोकणकड्यावरचा रविवारचा सूर्यास्त मग निवांत मिळतो. शुक्रवार-सोमवारच्या दोन रजा जातील, जाऊ देत.

खिंडीच्या वाटेला गावातला वाटाड्या घ्याच. रानात ढोरवाटा इतक्या फुटतात की नकाशा हातात असूनही माणूस चकतो.

तंबू नकोत. रतनवाडी, कुमशेत, पाचनई, तिन्ही गावांत घरी राहायची-जेवायची सोय होते. रतनवाडीतल्या घरातूनच पुढच्या गावात निरोप धाडा. निरोपात माणसं किती, कधी पोहोचणार आणि भाकरी किती जण खाणार, एवढं हवं. कुमशेतला आम्ही निरोप न देता सातला टपकलो होतो. त्या घरची चूल विझलेली. माउली काही बोलली नाही, काटक्या घातल्या, फुंकणीने जाळ केला आणि परातीत पुन्हा पीठ घेतलं. तांदळाच्या भाकऱ्या, पिठलं, लसणाचा ठेचा. पहिली भाकरी ताटात पडेपर्यंत आम्हाला मान वर करायची लाज वाटत होती. अशा घरी पैशाची घासाघीस करू नका.

झोपायला बहुधा ओसरी मिळते. सारवलेली जमीन डिसेंबरात पहाटे बर्फासारखी लागते, म्हणून खाली घालायला चांगली जाड मॅट न्या. पांघरुणापेक्षा ती जास्त कामाची. तुमच्यात कुणी घोरणारं असेल तर बाकीच्यांनी कानांत घालायला कापूस. गडावरच्या गुहांमध्येही राहता येतं, पण गुहा गारठ्याच्या. अंग कुरकुरत असेल तर खाली पाचनईत झोपा आणि सोमवारी पहाटे चढा.

परतीला टोलार खिंडीतून खिरेश्वर. वरच्या कातळावर लोखंडी कठडे आहेत, तरी उन्हाच्या आधी तो टप्पा उतरून घ्या. खिरेश्वरला नागेश्वराचं जुनं देऊळ आहे, त्याच्या छताचं कोरीवकाम मान मोडेपर्यंत बघण्यासारखं. तिथून खुबी फाटा पाचेक किलोमीटर, पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून, सावली अजिबात नाही. फाट्यावर माळशेजमार्गे कल्याणला जाणारी एसटी हात दाखवून थांबवायची. रविवारी संध्याकाळी ती भरलेली येते आणि हात दाखवूनही निघून जाते, सोमवारी दुपारी बसायला जागा मिळते. 2023पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा तुमच्या दोघींचं भाडं निम्मं. कल्याणला स्टँडसमोरच स्टेशन. बूट तेवढे लोकलमध्ये काढू नका.