आधी एक डोळा झाक

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

पारोळ्याकडच्या शिबिरातील आजींविषयी तू लिहिलेले दोनदा वाचले. डाव्या डोळ्याची शीर, म्हणजे दिसलेले मेंदूकडे नेणारी नस, काचबिंदूने कधीच सुकली होती आणि उजव्यात मोतीबिंदू वाढला तेव्हा कुठे ते उघडकीस आले. इतकी वर्षे कळले कसे नाही, असे तू विचारतेस. कळणार कसे? दोन्ही डोळे उघडे असताना धड डोळा अधू डोळ्याचे काम निमूटपणे ओढत राहतो. म्हणून एक डोळा झाकूनच तपास, आणि तळव्याने पुरता झाक, कारण बोटांच्या फटीतून माणसे नकळत पाहतात.

माझे वडील तांब्यातून पेल्यात पाणी ओतत, तेव्हा धार पेल्याच्या बाहेर पडे आणि आई फडक्याने ओटा पुसून घेई. वर्षभर मी ते पाहिले, वयामुळे हात हलत असेल असे धरून चाललो आणि परगावच्या लोकांचे डोळे तपासायला जात राहिलो. ‘माले समदं दिखस,’ असे ते म्हणत. शेवटी त्यांचा डावा डोळा झाकला, तेव्हा उजव्याला बॅटरीचा उजेड तेवढा कळला. उरलेला डोळा सकाळ-संध्याकाळच्या थेंबांवर अखेरपर्यंत टिकला. गेलेला परत आला नाही.

नुसती अक्षरे वाचून घेऊन थांबू नकोस. काचबिंदू बहुधा कडेची नजर आधी खातो, त्यामुळे 6 मीटरवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाराही अर्धा आंधळा असू शकतो. समोर बस, एक डोळा झाक, बाजूने बोटे आण, आणि शंका आली तर डोळ्याचा दाब व शीर तपासून घे. तसाच डोळा झाकून दाराची चौकट दाखव. सरळ कड वाकडी दिसली तर पीतबिंदूची, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याच्या मधल्या भागाची, झीज असू शकते. मधुमेह्याला मात्र सगळे स्वच्छ दिसत असले, तरी दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा पाहायलाच हवा. आणि मोतीबिंदू पिकू द्या, असे कोणी सांगू लागला तर तिथेच अडव. अती पिकलेला मोतीबिंदू दाब वाढवून डोळाच घालवू शकतो.

रांग खोळंबते म्हणून तुला बोलणी बसतात. मलाही बसली. 1976 पासूनच्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भर मोतीबिंदूवर राहिला आणि तो योग्यच होता, कारण आपल्याकडे अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. पण शस्त्रक्रियांचा आकडा भरला म्हणजे तपासणी झाली, हे मी कधी मान्य केले नाही. माझ्यामुळे सहकाऱ्यांना घरी जायला उशीर झाला, ते चिडले, त्यांचे चुकले नाही. माझेही चुकले असे मला आजही वाटत नाही. घरात जे केले नाही, ते मी रांगेतल्या प्रत्येकासाठी करत होतो.

आजींच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होऊ दे, मात्र त्याआधी त्याचीही शीर तपासली जाईल असे पाहा. डाव्याचे त्यांच्या मुलाला आडपडदा न ठेवता सांग. काचबिंदू असलेल्याच्या मुलांना आणि भावंडांना तो होण्याचा धोका अधिक असतो, हेही सांग, आणि बोलता बोलता त्यालाच खुर्चीवर बसवून त्याचा एक डोळा झाक.

तुझा,
काका