जुन्या गाडीची मागची आसने आणि मालाची जागा

प्रश्न : आमची हापूसची बाग देवगड तालुक्यात आहे. घरी २००९ ची बोलेरो असून नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २०२४ मध्ये पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले आहे. आता घरात आम्ही दोघेच असतो. म्हणून मधले बाकडे आणि मागची आमनेसामने असलेली आसने काढून टाकावीत आणि तळावर प्लायवूड बसवून आंब्याच्या पेट्या नेण्याची सोय करावी, असे मनात आहे. गॅरेजवाले म्हणतात की हे एका दिवसाचे काम आहे. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक पाटा वाढवून घ्या, असेही ते सुचवतात. हे करावे का?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : आसने सोडवणे हे खरोखरच एका दिवसाचे काम आहे, परंतु ती कायमची काढू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या नोंदणी प्रमाणपत्रावर आसनसंख्या नमूद केलेली असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी प्रमाणपत्रातील नोंदी जुळणार नाहीत, असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय मालवाहू वाहनाची अधिनियमातील व्याख्या इतकी व्यापक आहे की, मालासाठी न बांधलेले वाहन माल नेण्यासाठी वापरले तरी ते तिच्यात येऊ शकते. स्वतःच्या बागेतल्या पेट्या कधीमधी नेणे वेगळे आणि शेजाऱ्यांचा माल भाडे घेऊन वाशीच्या बाजारात पोहोचवणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी मालवाहू म्हणून नोंदलेला टेम्पोच हवा, कारण खासगी वापराचे विमापत्र अशा वाहतुकीत झालेल्या अपघाताला उपयोगी पडत नाही.

तेव्हा जे दुमडता येते ते दुमडावे आणि जे बसवायचे ते पुन्हा काढता येईल असे बसवावे. मधल्या बाकड्याची पाठ पुढे पडत असेल आणि बाजूच्या आसनांची बैठक वर उचलली जात असेल, तर आपल्याला लागणारी बरीचशी जागा एकही बोल्ट न काढता मिळते. तरीही हंगामापुरती आसने उतरवायचीच असतील, तर आधी जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी, विमा कंपनीलाही लेखी कळवावे आणि दोन्ही उत्तरे हाती आल्यावरच पाना उचलावा.

जागा मोकळी झाली म्हणजे भारक्षमता वाढली, असे मात्र होत नाही. नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचे रिकामे वजन आणि मालासह कमाल वजन असे दोन आकडे असतात. दोहोंमधला फरक हीच आपली मर्यादा, आणि तिच्यात माणसेही धरायची असतात. उदाहरणादाखल, हा फरक ६०० किलो निघाला असे समजू. आपण दोघे मिळून १४० किलो आणि प्लायवूड, जाळी व पट्टे मिळून ४० किलो वजा केले की ४२० किलो उरतात. पाच डझनांची भरलेली पेटी साधारण १८ किलोंची धरली, तर तेवीस पेट्यांवर हिशेब संपतो. डोळ्यांना मात्र जागा त्याहून कितीतरी अधिक दिसत असते, आणि चूक नेमकी तिथेच होते. घरचा वजनकाटा आणून एक भरलेली पेटी प्रत्यक्ष तोलून पाहा आणि आपला आकडा स्वतः काढा.

यावरून पाटा वाढवण्याच्या सल्ल्याकडे येतो. पाटा वाढवल्याने गाडीची मागची बाजू बसत नाही आणि त्यामुळे भार पेलला गेल्यासारखा वाटतो, परंतु ब्रेक, आस (ॲक्सल), बेअरिंग, चाके आणि चासी पूर्वीचीच राहतात. रिकामी गाडी मग अधिक उसळते, आणि मागची चाके हलकी असताना ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की ती लवकर जखडतात. काही गाड्यांत मागच्या बाजूच्या उंचीवरून मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. पाटा वाढवला की त्याचाही अंदाज चुकतो. जुने पाटे तडकले किंवा सपाट झाले असतील तर मूळ मापाचे नवे घाला, वाढीव नको.

पेट्या रचताना वजन मागच्या आसाच्या पुढे आणि शक्य तितके खाली ठेवा. मागच्या दाराला टेकून भार रचला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सुटल्यासारखी वाटते. गगनबावड्याचा किंवा आंबा घाट चढताना हे प्रकर्षाने जाणवते. हेडलाइटचा झोतही वर उठतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो, म्हणून झोत खाली करण्याची सोय असेल तर ती वापरा. टायरमधील हवा गाडीच्या पुस्तिकेत पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरून घ्या.

आता तळाविषयी. आसने शेवटी जागेवरच ठेवायची असली तरी एकदा ती सोडवून मॅट उचलावीच लागेल. पंधरा वर्षांहून जुन्या आणि समुद्राकाठी राहिलेल्या गाडीचा पत्रा पाहिल्याशिवाय त्यावर लाकूड बसवणे योग्य नाही. बोल्टांवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल सोडा. सकाळी बोल्ट आधी किंचित आवळा आणि मग सोडवा. पान्याला लांब पाइप लावून जोर करू नका, कारण तळाखाली वेल्ड केलेला नट तुटून बोल्टाबरोबर नुसता फिरू लागतो आणि एका दिवसाच्या कामाला आठवडा लागतो. निघालेला प्रत्येक बोल्ट जागेचे नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवा. आसनांचे आणि विशेषतः सीटबेल्टचे बोल्ट उच्च ताकदीच्या पोलादाचे असतात. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला दिसेल. त्यांच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट कधीही चालत नाही.

गंज दिसला तर तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा, मग प्रायमर आणि रंग द्या. स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर टोक आत गेले, तर रंगाचा उपयोग नाही, तेथे पत्राच बदलावा लागेल. आसने उतरवल्यावर रिकामी राहिलेली भोके उघडी सोडू नका. त्यांतून पावसाचे पाणी येते, धूळ येते आणि खालच्या सायलेन्सरचा धूरही आत येऊ शकतो. ग्रीस लावलेला बोल्ट रबरी वॉशरसह त्याच भोकात फिरवून ठेवणे हा सोपा उपाय आहे. तळाला मुळातच पाणी निचरण्यासाठी असलेली आणि रबरी बुचांनी झाकलेली छिद्रे मात्र कायमची बुजवू नका.

प्लायवूड आयएस ७१० असा शिक्का असलेले, म्हणजे मरीन प्रतीचे घ्या. बारा मिलिमीटर जाडी पुरते. आठ बाय चार फुटांचा या जाडीचा तक्ता तेवीस-चोवीस किलोंच्या आसपास भरतो. अठराचा घेतला तर दहा-बारा किलो वाढतात, म्हणजे जवळपास एक पेटी कमी होते. कापल्यावर कडांना रंगाचे किंवा वार्निशचे दोन हात द्या, कारण ओल शिरते ती कडेतून. तक्ता पत्र्यावर घट्ट न टेकवता खाली रबराच्या पट्ट्या घाला म्हणजे हवा खेळती राहील. सायलेन्सरवरून येणारी धगही थेट पेट्यांना लागणार नाही. तक्ता दोन तुकड्यांत ठेवलात तर तो एकट्याने उचलता येतो.

पेट्या बांधण्यासाठी कड्या हव्यात, आणि त्या तळातून आरपार बोल्टने बसवून खालच्या बाजूला जाड पट्टी द्यायला हवी. नुसत्या स्क्रूने प्लायवूडला लावलेली कडी हिसका बसला की उपटून येते. नवे भोक पाडण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवा आणि गाडीखाली शिरून डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग कुठून गेले आहे ते पाहून घ्या. पुढच्या आसनांमागे चासीला किंवा खांबांना पक्की धरलेली जाळी बसवा. जोरदार धडकेत वस्तूवर तिच्या वजनाच्या वीसपट किंवा त्याहूनही अधिक जोर येतो. म्हणजे अठरा किलोंची पेटी साडेतीनशे किलोंहून अधिक जोराने आपल्या पाठीवर येईल. या एका गोष्टीत काटकसर करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : हर्णै बंदरावरून दापोलीतील आमच्या खानावळीसाठी जुन्या एसयूव्हीतून मासळी आणतो. मागचे बाकडे दुमडून पेट्या ठेवतो. बर्फाचे पाणी सांडून मॅट कुजली आहे. तळाला भोक पाडून पाणी खाली सोडावे का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : भोक पाडू नका. मासळीवरून उतरलेले पाणी खारट असते. ते भोकाच्या कापलेल्या कडेला, म्हणजे रंग नसलेल्या पत्र्याला लागले की गंज तेथूनच सुरू होतो आणि रंगाच्या आतून पसरत जातो. हे पाणी गाडीच्या तळापर्यंत पोहोचू न देणे हाच खरा उपाय आहे. थर्माकोलची पेटी धक्क्याने तडकते, म्हणून घट्ट झाकणाची आणि खाली बूच असलेली प्लास्टिकची उष्णतारोधक पेटी घ्या आणि तिच्याखाली चार बोटे उंच काठाचा, पूर्ण मापाचा प्लास्टिकचा ट्रे ठेवा. पाणी घरी आल्यावर बूच उघडून सोडा. कुजलेली मॅट आणि तिच्याखालचा कापसासारखा थर काढून टाका, कारण तो ओल धरून ठेवतो. त्याऐवजी सहज उचलता येणारी रबरी मॅट टाका. दर फेरीनंतर ट्रे गोड्या पाण्याने धुवा. आठवड्यातून एकदा मॅट उचलून तळ कोरडा होऊ द्या आणि चाकाच्या कमानीजवळचा सांधा बोटाने चाचपून पाहा, कारण गंज बहुधा तेथे आधी धरतो.

वास जावा म्हणून मागचे दार अर्धवट उघडे ठेवून गाडी चालवण्याची पद्धत बंदरावर दिसते. ती धोक्याची आहे. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर उघड्या दारातून आत ओढला जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे चालकाला गुंगी येऊ लागली तरी कारण कळत नाही. दार बंद ठेवा आणि पुढच्या काचा उघडा.

प्रश्न : हंगामात परिवहन कार्यालयाला विचारून मागची आसने उतरवली होती. गणपतीला मुंबईहून मुलांची मुले येतात. तेवढ्यासाठी आसने पुन्हा न बसवता मागे गादी टाकून मुलांना बसवले तर चालेल का? रत्नागिरी स्टेशन ते घर एवढाच प्रवास आहे.
— एक आजोबा, रत्नागिरी तालुका

उत्तर : नाही, आजोबा. आसन नाही तेथे पट्टा नाही, आणि पट्टा नसलेले मूल ब्रेक लागताच पुढे फेकले जाते. गादीने त्यात काही फरक पडत नाही. मागे बसणाऱ्यांनाही सीटबेल्ट बंधनकारक असून मुलाला तो लावला नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. अंतर कमी असले तरी स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर त्या दिवसांत किती गर्दी असते, ते आपण जाणताच.

मुले येण्याच्या आठवडाभर आधी आसने माळ्यावरून उतरवा. ती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवली असतील आणि प्लास्टिकऐवजी सुती कापडाने झाकली असतील, तर पावसाळ्यातही बुरशी कमी धरली असेल. उंदरांनी फोम आणि पट्टा कुरतडला आहे का ते पाहा. कुरतडलेला पट्टा शिवून वापरू नका, नवा घ्या. मूळचेच बोल्ट आधी सर्व हाताने फिरवून बसवा आणि मगच पान्याने आवळा. दोन-तीन दिवस गाडी फिरवल्यावर ते पुन्हा एकदा तपासा आणि प्रत्येक पट्टा झटक्याने ओढून तो अडकतो की नाही याची खात्री करून घ्या.