कानबाईचं ४० सेकंदांचं गाणं: लय, पट्टी आणि टेपचा वेग

भाऊ, तुकडा ऐकला. रेडिओवर थेट चाललेलं, खान्देशातल्या कानबाई देवीचं अहिराणी गाणं, घरच्या टेपरेकॉर्डरवर धरलेलं, जेमतेम ४० सेकंद. लय-पट्टी ओळखणारं अ‍ॅप म्हणतं १२६ बीपीएम (मिनिटाला ठोके), पट्टी बी मेजर, जोशाचं माप म्हणजे ‘एनर्जी’ ०.८. तुम्ही म्हणता, हे गाणाऱ्या आजी तर काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) गायच्या, मग खरं काय?

लय आधी, कारण ती सोपी आहे. ढोलकीवर दादरा आहे, सहा मात्रांचा. आपण त्या तीन-तीन अशा धरतो, त्यामुळे पाय आवर्तनात दोनदा पडतो. घड्याळ लावून टाळ्या मोजल्या तर मिनिटाला ८४ भरतात. अ‍ॅपने त्याच मात्रा दोन-दोन-दोन अशा पाडल्या, म्हणून दीडपट. आणि ८४ हीसुद्धा सरासरीच. मागच्या बायका झील धरतात (मागून साथीला गातात) तिथून लय चढलेली सरळ ऐकू येते. थेट गाण्यात ती चढणारच.

‘एनर्जी’चा आकडा सोडून द्या. घरगुती टेपरेकॉर्डर आवाजाची पातळी आपोआप सांभाळतो: ढोलकीची थाप पडली की सगळं दबतं, थाप ओसरली की मागची खरखर वर येते. त्यामुळे सगळंच सारखं मोठं होतं आणि अ‍ॅपला तो जोश वाटतो. तुकड्यात ४.५ किलोहर्ट्झच्या वर जवळपास काही नाही, ही रेडिओच्या मध्यम लहरींची (मीडियम वेव्ह) खूण. तिथे केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचंच अंतर असतं, म्हणून वरचे सूर छाटले जातात. एफएमवरून घेतलेलं असतं तर १५ पर्यंत काहीतरी दिसलं असतं. झांज बोथट वाजते ती यामुळे. वादकाला बोल लावू नका.

आता पट्टी. आजींचा सा मोजला तर २१३ हर्ट्झ येतो. काळी चारचा सा २०८च्या आसपास, पांढरी सहाचा २२०. आपला मध्येच लोंबकळतोय. साथीला पेटी आहे, आणि तिचे सगळेच सूर एकाच मापाने सरकलेले आहेत. जुनी पेटी उतरते ती वेडीवाकडी, अशी एकसारखी नाही. म्हणजे बहुधा टेपचा वेग चुकलाय: एकतर अडीच टक्के जास्त (मग काळी चार), नाहीतर तीन टक्के कमी (मग पांढरी सहा).

बी मेजरचं कोडं याहून साधं आहे. गाण्यात ग, ध, नि कोमल आहेत. काळी चारला सा धरून हे जे सूर लागतात, तेच पांढरी सातला (म्हणजेच पाश्चात्त्यांच्या ‘बी’ला) सा धरला की शुद्ध सप्तक होतात. अ‍ॅप सूर गोळा करतं. कोणत्या सुरावर ओळ येऊन टेकते हे त्याला नीट उमगत नाही. पाश्चात्त्य गाण्यांवर शिकलेल्या अ‍ॅपकडून षड्ज (म्हणजे सा) काढून घेऊच नये, असं माझं मत.

वेग ठरवायला परदेशी मंडळी रेकॉर्डिंगमध्ये शिरलेली विजेची घुंई पकडायला सांगतात: ती ५० हर्ट्झची, रेकॉर्डिंगमध्ये ५१ दिसली तर टेप दोन टक्के जलद. आपल्याकडे जुन्या कॅसेटला हे चालत नाही. २००२च्या आधी आपल्या ग्रिडची वारंवारता स्वतःच ४८ ते ५२च्या दरम्यान हेलकावे खायची. दीपनगरचं वीजकेंद्र उशाशी असून भुसावळकरांनाही तीच वीज. शिवाय आज ज्या प्लेअरवर तुम्ही कॅसेट वाजवली, त्याची घुंई वेगळी मिसळते.

त्यापेक्षा कॅसेटची तीच बाजू पुढे ऐका. रेडिओवरून घेतलेल्या कॅसेटवर सिनेमाचं एखादं गाणं सापडतंच. त्याची सीडीवरची प्रत घ्या, मुखड्याच्या एका ठोक्यापासून दुसऱ्या ठरलेल्या ठोक्यापर्यंतचा वेळ दोन्हींकडे मोजा. सीडीवर ६० सेकंद आणि तुमच्याकडे ५८.५ आले, तर टेप अडीच टक्के जलद आणि आजी काळी चारमध्येच. उलट ६१.८ आले तर पांढरी सहा, मग घरच्यांची आठवण बाजूला ठेवावी लागेल. मात्र ते गाणं त्याच टेपरेकॉर्डरवर, त्याच सुमारास घेतलेलं हवं.

दुरुस्ती करताना ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा पर्याय घ्या. नुसती पट्टी बदलणारा घेतलात तर लय चुकीचीच राहील. काळी चार ठरली तर ८४ची लय ८२वर येईल. खरखर काढायच्या फंदात पडू नका, झांजेचं उरलंसुरलंही जाईल. आणि हे सगळं प्रतीवर करा, मूळ डब्ल्यूएव्ही फाइल तशीच राहू द्या.