वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंतच्या रस्त्यावरचे आमच्या गावातले वाडे किती जुने, हे कसं कळेल?

आधी चौकटी आणि तुळया नीट बघा, कुठे तरी साल कोरलेलं सापडतं. पण 1340 दिसलं म्हणून सातशे वर्षांचा वाडा म्हणून मिरवू नका! निजामाच्या राज्यात फसली सन, म्हणजे महसुलासाठीची कालगणना, चालायचा. त्यात 590 मिळवा, म्हणजे 1930-31 येतं. शके असेल तर 78 मिळवा.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, त्यामुळे जुने महसुली कागद बरेचसे उर्दूत, काही मोडीत. वाचणारा आधी गाठा.

लातूर-धाराशिवकडचं गाव असेल तर अवघड आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं यांनीच घात केला. किल्लारी, सास्तूर नव्या जागी वसली. तिथली जुनी पेठ म्हाताऱ्यांनाच विचारा.