इंग्लंडच्या लहान गावात शेजारी खरंच तुटक असतात का? बाहेरून आलेल्याला कोणी आपलं म्हणतं का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची बदली ब्रॅडफर्डला झालीय, शहरात न राहता जवळच्या एखाद्या गावात घर बघायचा विचार आहे, आणि ‘तिकडे शेजारी वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत’ असं सांगून कुणीतरी तुम्हाला घाबरवून ठेवलंय. मी ब्रॅडफर्डपासून चारेक मैलांवरच्या सॉल्टेअरमध्ये बरीच वर्षं काढलीत. पाहिलंय तेच सांगतो.

बोलतात हो. भरपूर बोलतात. हवेवर, कुत्र्यांवर, या आठवड्यात कचऱ्याचा कुठला डबा बाहेर ठेवायचा यावर. बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानतात, आणि दुकानातली बाई पहिल्याच दिवशी तुम्हाला ‘लव्ह’ म्हणेल. तिकडे ते सगळ्यांनाच म्हणतात. फक्त घरी बोलावत नाहीत. आपल्याकडे जिन्यात भेटलेल्यालाही ‘या की चहाला’ म्हणतो, तसली सवय तिथे नाही. आमचा पहिला हिवाळा त्यामुळे जड गेला, कारण डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो आणि मग सगळी गल्ली दारं लावून बसते. पुढे लक्षात आलं की हे लोक माणसाला जेवायला बोलावून नव्हे, कामाला बोलावून जवळ करतात. ‘शनिवारी खुर्च्या लावायला येशील का’ असं कोणी विचारलं की समजा, तुमचं नाव गावात लागलं.

गावाबद्दल थोडं सांगायला हवं. सॉल्टेअर आपोआप वाढलेलं गाव नाही, एका मिलमालकाने ते बांधलं. टायटस सॉल्ट हा ब्रॅडफर्डमधला लोकरीचा बडा कारखानदार. शहरातल्या धुराला आणि रोगराईला कंटाळून त्याने एअर नदीकाठी नवी मिल उभारली आणि १८५३ मध्ये स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी ती सुरू केली. नंतर कामगारांसाठी दगडी घरांच्या रांगा, चर्च, शाळा, दवाखाना, वृद्धांसाठी घरं, बाग असं सगळं बांधलं. रस्त्यांना बायकोमुलांची नावं दिली, त्यामुळे पत्ता सांगताना कॅरोलाइन, फॅनी, हर्बर्ट अशी सॉल्टच्या घरातली हजेरीच होते. दारूचा गुत्ता मात्र गावात येऊ दिला नाही. माझ्या वेळी तिथे एक बार होता, त्याचं नाव ‘डोन्ट टेल टायटस’, म्हणजे टायटसला सांगू नका! २००१ पासून गाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि बहुतेक घरं संरक्षित आहेत. तिथे घर घ्यायचं मनात असेल तर खिडकी-दरवाजा बदलायलाही परवानगी लागते, हे आधीच ध्यानात ठेवा.

मला तिथे करमण्याचं एक कारण ही मिलसुद्धा. माझे वडील १९८२ च्या संपापर्यंत लालबागच्या एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे विणमागांवर होते. ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांना मिल दाखवायला घेऊन गेलो. सॉल्ट्‌स मिल १९८६ मध्ये बंद पडली, पुढच्या वर्षी जोनाथन सिल्व्हर नावाच्या व्यावसायिकाने ती विकत घेतली आणि आत ब्रॅडफर्डच्याच डेव्हिड हॉकनीच्या चित्रांची गॅलरी काढली. आता पुस्तकांचं दुकान आहे, खानावळ आहे, कचेऱ्या आहेत. बाबांनी चित्रांवरून नजर फिरवली आणि ते बिडाच्या खांबांपाशी जाऊन उभे राहिले. मग पावलांनी अंतर मोजत म्हणाले, ‘दोन खांबांत चार साचे आरामात.’

शेजारच्या बाई आमच्यासोबत होत्या. ऐंशीच्या घरातल्या, लग्नाआधी याच मिलमध्ये साचे चालवलेल्या. (तिकडच्या रिवाजाने त्यांना एकेरी नावाने हाक मारायची, आणि ते नाव शेवटपर्यंत माझ्या तोंडातून मोकळेपणाने निघालं नाही.) बाबा काय म्हणाले ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. विणकाम या मजल्यांवर नव्हतंच, ते बाजूच्या बैठ्या शेडमध्ये, इथे सूतकताई. बाबांनी ते लगेच मान्य केलं, कारण साच्यांचा हादरा वरच्या मजल्यांना नको म्हणून ते खाली ठेवतात, हे त्यांना सांगावं लागलं नाही. साच्यांच्या खडखडाटाने दोघांचेही कान गेलेले. एक मराठीत ओरडतोय, एक यॉर्कशरी इंग्रजीत, आणि मधे मी दुभाषा. थोड्या वेळाने माझी गरजच उरली नाही. तुटलेला धागा कसा जोडायचा ते बाई बोटांनी हवेत करून दाखवत होत्या, आणि बाबा त्यांची गाठ नापसंत करून आपली दाखवत होते. लालबाग-परळच्या मिलांचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. बाबा त्यावर तिथे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र म्हणाले, ‘निदान भिंती तरी ठेवल्यात.’

आता कामाला बोलावण्याचं. नदीपलीकडे रॉबर्ट्‌स पार्क आहे आणि बागेतच क्रिकेटचं मैदान. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडचा नामवंत गोलंदाज सिडनी बार्न्स इथल्या क्लबातून खेळायचा, आणि ज्याने १९५६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ऑस्ट्रेलियाचे १९ बळी घेतले तो जिम लेकर पोरवयात इथेच खेळला. सीमारेषेवरच्या बाकावरचे म्हातारे ही माहिती प्रत्येक नवख्याला देतात, तीही दर शनिवारी नव्याने. भारतीय दिसल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते ‘स्पिन टाकतोस का?’ टाकत नव्हतो. मग चहाच्या तयारीला लावलं. दोन डावांमधला चहा हा तिकडच्या क्लब क्रिकेटचा मोठा सोहळा (करोनानंतर पुष्कळ ठिकाणी तो बंदच झाला, हे मला काही पटलेलं नाही). काकडीच्या सँडविचचं शास्त्र तिथे एका कडक बाईंनी मला शिकवलं: लोणी पावाच्या पार कडेपर्यंत गेलं पाहिजे, नाहीतर काकडीचं पाणी पावात उतरतं. मी पाव लावायचो, त्या मागून एकेक उचलून कोपरे तपासायच्या. त्या उन्हाळ्यात मला गावातले जेवढे लोक कळले तेवढे आधी कधी कळले नव्हते.

२०१५ च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, एअर नदी काठ सोडून वर आली आणि बागेसकट मैदान पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर नुसता चिखल. लोक फावडी, बादल्या घेऊन आले. कोणी भाषण केलं नाही, कोणी फारसं हळहळलंही नाही. ‘जरा ओलंच झालंय’ एवढंच एकजण म्हणाला. अशा वेळी मोठ्याने हळहळणं तिथे थोडं अवघडच वाटतं.

घरी बोलावत नाहीत म्हटलं, त्याला दोन अपवाद आहेत. मे महिन्यात कलामहोत्सव असतो, तेव्हा काही घरांमध्ये चित्रं मांडतात आणि अनोळखी माणसं थेट दिवाणखान्यात फिरतात. एरवी दारातच बोलून निरोप देणारी माणसं त्या दिवशी तुम्हाला आपला जिना चढू देतात. डिसेंबरात रोज संध्याकाळी गावातल्या एकेका घराची सजवलेली खिडकी उजळते, नाताळपर्यंत एकेक वाढत जाते. ती खिडकी करायला तुम्हाला विचारलं तर नाही म्हणू नका. आम्ही आमच्या वर्षी काळ्या कागदातून मिलची चिमणी कापली होती. कागदामागे दिवे फार जवळ लावल्याने ती मागून पिवळी दिसायची, पण लोक थांबून बघायचे.

सगळंच गोड नव्हतं. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या जनमतानंतर बसमध्ये एका गृहस्थाने ‘आता परत कधी?’ असं विचारलं होतं. मी ‘पुढच्या थांब्याला’ म्हणालो आणि उतरलो. असे प्रसंग थोडे, पण येतात.

आणखी एक, सॉल्टेअर हे पर्यटकांचं गाव. शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही आणि घरं लहान, जिने उभे. सासूसासरे येऊन राहणार असतील तर शिपली किंवा बेलडन बघा. सॉल्टेअर आणि शिपलीहून लीड्स-ब्रॅडफर्डला थेट गाड्या आहेत, बेलडनहून ब्रॅडफर्डला आहे. भाजीपाला लावायला भाड्याचा सार्वजनिक वाफा हवा असेल तर पोचल्या पोचल्या नाव नोंदवून टाका. त्याची यादी लांब असते, आणि नंबर लागेपर्यंत बागकामात मदत करायला या म्हणून कोणी ना कोणी विचारतंच.