टोपलीतली मुशी

प्रिय मुली,

तुझे पत्र मिळाले. ग्रेट व्हाइट शार्कच्या चित्रफिती पाहून तुला सागरी जीवशास्त्राची ओढ लागली, आणि आता दक्षिण आफ्रिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला गेल्याशिवाय शार्कचा खरा अभ्यास होणार नाही, असे तुला वाटते. तुझी ओढ खरी आहे, आणि संधी मिळाली तर तू अवश्य जा. पण तू रत्नागिरीत राहतेस, मिरकरवाडा बंदर तुझ्या घरापासून फार दूर नाही, आणि तिथे टोपल्यांत शार्क येतात, हे तुझ्या चार पानी पत्रात कुठेच आले नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जगात शार्कच्या 500 हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा माणसाच्या उंचीहूनही लहान आहेत. आपल्याकडे कोळीवाड्यांत जिला मुशी म्हणतात आणि मालवणात व गोव्यात जिला मोरी म्हणतात, ती यांतलीच. मात्र हे एका जातीचे नाव नाही, कारण बाजारात अनेक लहान जाती याच नावाने विकल्या जातात. त्यांतली चपट्या, फावड्यासारख्या तोंडाची जी आहे, ती स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. पुढे मी मुशी म्हणेन ती हीच. फार तर पाऊण मीटर लांबीची ही मासळी उथळ, गढूळ पाण्यात आणि खाड्यांच्या मुखाशी राहते आणि कोळंबी, लहान मासे, माकुल यांवर जगते. बोंबील आणि जवळ्यासाठी लावलेल्या डोलीत, म्हणजे प्रवाहात उभ्या केलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, ती सहज सापडते. तिच्याकडे थांबून पाहणारे मला फार थोडे भेटले, आणि हे मला आजही खटकते.

तिची प्रजननरीत पाहिलीस तर तू थक्क होशील. शार्कमधल्या काही जाती अंडी घालतात. उदाहरणार्थ, आपल्याच समुद्रातला करडा बांबू शार्क चामड्यासारख्या कवचातली अंडी तळाशी ठेवतो आणि पुढचे सारे अंड्यातल्या बलकावर सोपवतो. मुशीने मात्र बलकाचा मार्ग जवळजवळ सोडूनच दिला आहे. तिचे अंडे जेमतेम 1 मिलिमीटर व्यासाचे, ज्ञात शार्कमध्ये सर्वांत लहान असते. त्यात पिल्लाला पुरेल इतके अन्न नसल्यामुळे भ्रूण अगदी सूक्ष्म असतानाच आईच्या गर्भाशयाशी जोडला जातो आणि पुढे वार व नाळ यांच्याद्वारे आईच्या शरीरातूनच पोसला जातो. नाळेवर झालरीसारखे तंतूही असतात. माशांमध्ये वारेची रचना याहून अधिक विकसित झालेली क्वचितच आढळेल. जन्मताना पिल्लू 12 ते 15 सेंटिमीटर लांब असते, आणि एका वेतात डझनभर पिल्लेही होऊ शकतात.

या जातीचे शास्त्रीय वर्णन 1838 साली योहानेस म्युलर आणि याकोब हेन्ले यांनी केले. मूत्रपिंडाच्या धड्यात हेन्लेचा वळसा शिकली असशील, तो याच हेन्लेच्या नावाचा. एका शार्कची पिल्ले नाळेने आईला जोडलेली असतात, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले होते. त्यावर कित्येक शतके फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. 1842 साली म्युलरने ते खरे असल्याचे दाखवून दिले. म्युलर आणि हेन्ले दोघेही मुळात वैद्यक आणि शरीररचनाशास्त्रातले. लहान शार्क त्यांना क्षुल्लक वाटले नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आणि इतकी जुनी ओळख असूनही, पश्चिम प्रशांत महासागरातली मुशी ही वेगळी जात आहे हे 2010 साली नव्याने मांडले गेले. जे रोज विकले जाते ते पूर्ण ओळखीचे झाले आहे, असे समजू नकोस.

आता कामाची गोष्ट. बंदरावर मासे मोजण्याच्या माझ्या पहिल्या हंगामात मी नोंदवहीत एकच रकाना आखला होता, 'मुशी', आणि त्यात सगळे आकडे भरत गेले. वर्षभरानंतर लक्षात आले की त्यात किमान दोन जाती मिसळल्या होत्या आणि कोणत्या आकड्यात कोणती किती, हे आता कोणीही सांगू शकणार नव्हते. ते वर्ष वाया गेले. म्हणून सुरुवातीलाच मुशी आणि तिच्यासारखाच दिसणारा दुसरा लहान शार्क, मिल्क शार्क, यांतला फरक डोळ्यांत मुरवून घे. मुशीच्या पाठीवरचा पहिला पर बराच मागे, पोटाखालच्या परांच्या जवळपास पोहोचलेला असतो, आणि छातीचे पर आखूड, रुंद, त्रिकोणी असतात. मिल्क शार्कचा पाठीवरचा पर पुढे असतो आणि त्याच्या तोंडाच्या कोपऱ्याशी लांब, ठळक खाचा असतात. लांबी मोजताना मासा फळीवर सरळ ठेव. टेप त्याच्या अंगावरून वळवत नेलीस तर आकडा फुगतो. नराचे क्लास्पर, म्हणजे पोटाखालच्या परांना जोडलेले प्रजननाचे अवयव, मऊ आहेत की कडक, हे तपासायला विसरू नकोस, कारण तो प्रौढ झाला की नाही हे त्यावरूनच कळते.

साधे मासे काळजीपूर्वक पाहण्याची सवय किती दूर नेते, याचे उदाहरण मुंबईतच घडले. गंगा शार्क ही अत्यंत संकटग्रस्त जात आहे, आणि 2001 पासून ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. दशकाहून अधिक काळ तिची खात्रीशीर नोंद नव्हती. फेब्रुवारी 2016 मध्ये ससून डॉकवर उतरवलेल्या मासळीत 266 सेंटिमीटर लांबीची एक मादी संशोधकांना दिसली. बुल शार्कशी तिची गल्लत सहज होते, आणि गंगेतल्या हल्ल्यांचा दोषही अनेकदा याच गोंधळातून तिच्या माथी मारला गेला आहे. बारीक डोळे आणि पाठीवरच्या दुसऱ्या पराची मोठी उंची ज्याच्या नजरेत बसलेली नाही, त्याच्यासमोरून अशी मादी गेली तरी त्याला ती दिसणार नाही. अशी संरक्षित जात तुला कधी आढळलीच, तर छायाचित्रे आणि मोजमापे घे, पण परवानगीशिवाय तिचा तुकडाही उचलू नकोस.

बंदरावर तू पाहुणी आहेस, हे मनात ठेव. लिलाव चालू असताना मध्ये उभी राहू नकोस, आणि मावशींना विचारल्याशिवाय त्यांच्या टोपलीत हात घालू नकोस. जाळे कुठे टाकले, पाणी किती वाव खोल होते, डोल होती की ट्रॉलर, हे होडीचा प्रमुख, म्हणजे तांडेलच सांगू शकेल. ते कळले नाही तर मोजलेल्या माशाची अर्धी माहिती हरवलीच म्हणायची. मुशी मारू नका, असे उपदेश करायला तर मुळीच जाऊ नकोस. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशी खाऊ घालण्याची रीत आपल्या किनाऱ्यावर आहे, आणि मिल्क शार्क या नावामागेही हीच समजूत आहे. पिढ्यान्‌पिढ्या या माशावर ज्यांचे घर चालले, त्यांचे ऐकून घेतल्यानंतरच काही सांगण्याचा अधिकार मिळतो.

मला काळजी आहे ती पिल्लांची. मुशी एक-दोन वर्षांत प्रौढ होते, त्यामुळे मासेमारीचा भार ती मोठ्या शार्कपेक्षा बरा सोसते. तरीही आंतरराष्ट्रीय यादीत तिची नोंद संकटाच्या उंबरठ्यावरची जात अशी आहे. ज्या उथळ पाण्यात ती पिल्लांना जन्म देते, त्याच पाण्यात बारीक छिद्रांच्या डोली उभ्या असतात. पिल्ले नेमकी कोणत्या खाडीच्या मुखाशी आणि कोणत्या महिन्यांत जास्त असतात, हे बंदरोबंदरी कोणी चिकाटीने टिपले, तर कोळ्यांशी बसून काही ठरवता येईल. हे काम परदेशातून कोणी येऊन करणार नाही.

ऑगस्टमध्ये मासेमारी पुन्हा सुरू झाली की पहाटे मिरकरवाड्याला जा. टोपलीतली वितीहून लहान अशी एखादी मुशी विचारून हातात घे, उलटी कर, आणि छातीच्या दोन परांच्या मधोमध बोट फिरव. तिथे तिची नाळ तुटल्याचा व्रण सापडेल. तो अजून उघडा असेल तर ती नुकतीच जन्मली आहे. तारीख, जाळे आणि पाण्याची खोली लिहून घे आणि मला कळव.

तुझी,
एक जुनी अभ्यासक