वडील गेले तेव्हा एवढा रडलो नाही, मग कुत्र्यासाठी का?

हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे बरेच जण विचारतात आणि विचारताना आवाज एकदम खाली जातो. एका गृहस्थांचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पन्नाशीचे, दोन रेस्क्यू, म्हणजे रस्त्यावरून वाचवलेली कुत्री दत्तक घेतलेली, चिंगी आधी गेली आणि काही वर्षांनी ढोल्या. ढोल्या गेल्यापासून झोप नाही, कामात लक्ष नाही, त्यात घरातलं कुणीतरी "अहो कुत्राच होता, दुसरा आणू" म्हणालं, तेव्हापासून घरात या विषयावर तोंडच उघडायचे नाहीत. मला म्हणाले, मॅडम, वडील गेले तेव्हा मी एवढा रडलो नव्हतो हो, माझं काही बिघडलंय का?

काही बिघडलेलं नाही. वडील गेल्यावर माणसं भेटायला आली, रजा मिळाली, कुणी ना कुणी विचारपूस केली. कुत्रा गेल्यावर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी मीटिंग असते. ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक दुःख म्हणून धरतच नाहीत त्याबद्दल केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्येच लिहून ठेवलंय, पाळीव प्राण्याचं जाणं त्यातच येतं. शिवाय वडील वेगळे राहायचे, त्यांच्याशी रुसवेफुगवे होते. ढोल्या मात्र चोवीस तास पायात, सकाळचं फिरणं, गोळ्या, रात्री दार लावताना तो आत आहे ना बघणं, मग तो नाहीये हे दिवसातून किती वेळा आठवणार तुम्हीच सांगा.

पण खरं दुखणं पुढे निघालं. म्हणाले, रस्त्यावरून उचलून आणलं ते वाचवायला आणि शेवटी त्याला कायमचं झोपवायच्या इंजेक्शनच्या कागदावर सही मीच केली. रेस्क्यू कुत्रं पाळणाऱ्यांत हे मला फार दिसतं, आपण वाचवणारे ही भूमिका इतकी अंगात भिनते की म्हातारपणाने आलेलं मरणसुद्धा स्वतःचं अपयश वाटतं. ढोल्याची किडनी गेली होती, आणि यांचा हट्ट एकच की मला आधी कळायला हवं होतं.

मी नुसता धीर देऊन उपयोग नव्हता. म्हटलं, तुमच्या व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना, पुन्हा भेटा, मनातलं सगळं विचारा. गेले, आणि तिथे कळलं की रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढेपर्यंत किडनीचं साधारण ७५ टक्के काम आधीच बंद पडलेलं असतं आणि तोवर कुत्रं बऱ्याचदा वरवर ठीकच दिसतं. इंजेक्शन म्हणजे भुलीच्या औषधाचा मोठा डोस, शिरेतून दिला की काही सेकंदांत शुद्ध जाते. त्याने अपराधीपणा गेला असं नाही, पण रात्री तोच हिशोब पुन्हा पुन्हा मांडणं कमी झालं.

आठवणींचं मात्र अवघड होतं, कारण त्यांना ढोल्याचा फक्त शेवटचा तासच आठवायचा. मी म्हटलं शेवटचं राहू दे, घरी आणला तो पहिला महिना सांगा. तर म्हणे भिंतीला पाठ लावल्याशिवाय झोपायचा नाही, कुणी नुसता झाडू उचलला तरी पलंगाखाली. आणि मग एका दुपारी भर हॉलमध्ये चारही पाय वर करून घोरत पडला, सगळे त्याला ओलांडून जात होते तरी हलला नाही. सांगता सांगता हसले, आणि लगेच हसल्याचं वाईट वाटून गप्प झाले. हसा हो, तेही त्याचंच आहे.

दुसरा आणायचा का, हेही विचारलं. घरातली शांतता सहन होत नाही म्हणून घाई नको, एवढंच मी सांगते. नव्यामध्ये ढोल्या शोधणं थांबलं की बघू. आणि झोप, जेवण आठवडेच्या आठवडे रुळावर येत नसेल किंवा जगावंसंच वाटेना झालं तर मात्र वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

ते अजून येतात. चिंगी गेली तेव्हा ढोल्याला सांभाळायच्या नादात तिच्यासाठी रडायचंच राहिलं होतं म्हणाले, त्यामुळे सध्या आमचं चिंगीबद्दल चाललंय.